रक्ताची मुदत, संदेशाची मुदत

रक्तदानाच्या प्रसारासाठी समाजमाध्यमे वापरावीत की नाहीत, हा प्रश्न आता उरलेला नाही. जिल्ह्याच्या रक्तपेढीपासून गल्लीतल्या गणेशमंडळापर्यंत प्रत्येकाकडे व्हॉट्सॲपचा गट आणि फेसबुकचे पान असते आणि रक्ताची मागणी त्यावरून रोज फिरत असते. वाद आहे तो मोहीम आखायची कशी याविषयी, म्हणजे तिचा आरंभ कोठून करायचा, तिचे यश कशाने मोजायचे आणि ती थांबवायची केव्हा याविषयी, आणि यांतला तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारतही नाही. आपल्याकडील शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, आधी पूर्ण ताकदीने मांडून मग त्याचे खंडन करण्याची रीत आहे. पुढील संवादात ती थोडी सैल केली आहे, कारण येथे खंडन दोन्हीकडून होते. एका बाजूला जिल्ह्याच्या गावी वर्षानुवर्षे शिबिरे भरवणारा संघटक आहे, ज्याच्या वहीत रक्तदात्यांची नावे, रक्तगट आणि मागील रक्तदानाची तारीख लिहिलेली असते. दुसऱ्या बाजूला जाहिरात-व्यवसायातून आलेली आणि हे काम विनामोबदला अंगावर घेतलेली नियोजक आहे. दोघेही कल्पित आहेत; त्यांचे युक्तिवाद मात्र ज्याने कधी शिबिराच्या टेबलामागे बसून अर्ज भरून घेतले आहेत, त्याला ओळखीचे वाटतील.

मोहीम मे महिन्यासाठी आहे. महाराष्ट्रात उन्हाळ्यात रक्ताचा तुटवडा वारंवार पडतो आणि त्याचे कारण उन्हापेक्षा वेळापत्रकात अधिक असते : महाविद्यालयीन रक्तदाते परीक्षा संपताच वसतिगृहे सोडून जातात, नोकरदार कुटुंबे गावी जातात आणि मंडळांचे कार्यकर्ते लग्नसराईत अडकतात. मागणी मात्र चालूच राहते. थॅलेसेमिया, म्हणजे शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार न होण्याचा आनुवंशिक आजार, ज्यांना तीव्र स्वरूपात आहे, अशा मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्यांच्या तारखा शाळेच्या सुट्टीप्रमाणे हलत नाहीत.

नियोजक : “सर, तुमच्या वहीतली बाराशे नावे मोलाची आहेत, याविषयी वाद नाही. पण रक्त देण्याच्या वयाची, म्हणजे अठरा ते पासष्ट वर्षांची, किती माणसे या शहरात असतील आणि त्यांपैकी किती जणांना कोणी कधी विचारले असेल? ज्याच्या ओळखीचे मंडळात कोणीही नाही, त्याच्यापर्यंत जाणे हाच समाजमाध्यमाचा खरा उपयोग आहे. म्हणून आधी पोहोच वाढवावी लागते. पोहोच म्हणजे एखादा संदेश किती वेगवेगळ्या लोकांच्या पडद्यावर दिसला त्याचा आकडा. फेसबुकने १ ऑक्टोबर २०१७ रोजी, राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिनाचे निमित्त साधून, रक्तदाता म्हणून नाव नोंदवण्याची सोय भारतात सुरू केली, ती याच विचाराने.”

संघटक : “ताई, पोहोच वाढली की रक्त वाढते, हे गृहीत धरू नका. रीलवर हजार बदाम पडतात आणि शिबिरात अकरा वाजेपर्यंत डॉक्टर व तंत्रज्ञ रिकाम्या खाटांकडे पाहत बसलेले असतात. शिवाय जे येतात त्यांतही कोणाचे हिमोग्लोबिन साडेबारा भरत नाही, कोणाचे वजन पंचेचाळीस किलोच्या आत असते, कोणी सहा महिन्यांपूर्वी टॅटू काढलेला असतो आणि त्याला वर्षभर थांबायला सांगावे लागते. उत्साहाने आलेला माणूस पहिल्याच खेपेला असा परत गेला, की पुन्हा फिरकत नाही.”

नियोजक : “ही तक्रार समाजमाध्यमाविरुद्धची नाही, तुमच्या फलकाविरुद्धची आहे. फलकावर ‘रक्तदान हेच श्रेष्ठदान’ एवढे एक वाक्य असते आणि त्याखाली पंधरा पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे. उपाशी येऊ नका, रात्रीची झोप झालेली असू द्या, वजन आणि हिमोग्लोबिन इतके लागते, गेल्या वर्षभरात टॅटू काढला असेल तर पुढच्या वर्षी या, हे सगळे अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत सांगता येते. ज्याला परत पाठवायचे आहे, त्याला घरी असतानाच कळले तर त्याचा अपमान होत नाही.”

या पहिल्या फेरीत नियोजकाचे पारडे जड आहे आणि त्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. संघटक नंतर जो मुद्दा काढतो, तो मात्र अधिक खोल आहे आणि तो व्हॉट्सॲपच्या रचनेतूनच आलेला आहे.

संघटक : “तुम्ही ब्रॉडकास्ट लिस्टविषयी बोलता, म्हणजे एकच संदेश एकाच वेळी अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याची जी यादी असते तिच्याविषयी. त्या यादीत जास्तीत जास्त २५६ क्रमांक बसतात आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक ज्याने आपल्या फोनमध्ये जतन करून ठेवला आहे, त्यालाच तो संदेश मिळतो. आता विचार करा, रक्तदान मंडळाचा क्रमांक माणूस केव्हा जतन करतो? ज्या दिवशी त्याच्या वडिलांच्या बायपासला चार पिशव्या मिळवून दिल्या, त्या दिवशी. किंवा रक्त दिल्यावर चक्कर आली तेव्हा जो कार्यकर्ता त्याला घरापर्यंत सोडायला गेला, त्याचा. तुमच्या यंत्रणेचा हा शेवटचा दोन बोटांचा व्यवहार वहीतून होतो, जाहिरातीतून होत नाही.”

नियोजक : “हे मान्य. पण वहीचा उपयोग तुम्ही कसा करता, तेही पाहायला हवे.”

येथून चर्चा आकडेमोडीकडे वळते. दान केलेले रक्त बहुधा आहे तसे चढवले जात नाही. त्याचे घटक वेगळे केले जातात आणि प्रत्येक घटकाची मुदत निराळी असते. तांबड्या पेशी साधारण चार अंश तापमानाला ३५ दिवस आणि त्यांत विशिष्ट पोषक द्रावण मिसळले असल्यास ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या सूक्ष्म पेशी, जेमतेम पाच दिवस टिकतात, तर गोठवलेला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रव भाग, वर्षभर राहतो. दुसरीकडे रक्तदात्याचीही मुदत असते : भारतातील नियमानुसार पुरुषाला पुढचे रक्तदान ९० दिवसांनी आणि स्त्रीला १२० दिवसांनी करता येते. या दोन मुदती एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याची सवय शिबिरे भरवणाऱ्यांना सहसा नसते.

नियोजक : “समजा, १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर, मंडळाने तीनशे जणांचे भव्य शिबिर घेतले. त्यातल्या प्लेटलेट्स ६ मेपर्यंत वापरल्या नाहीत तर वाया जातील. तांबड्या पेशी फार तर १२ जूनपर्यंत चालतील. आणि ज्यांनी रक्त दिले, ते तीनशे पुरुष असतील तर ३० जुलैपर्यंत, स्त्रिया असतील तर २९ ऑगस्टपर्यंत पुन्हा देऊ शकत नाहीत. म्हणजे १२ जून ते ३० जुलै या अठ्ठेचाळीस दिवसांत या तीनशेंची एकही लाल पिशवी शीतकपाटात नसेल आणि त्यांच्यापैकी एकालाही बोलावता येणार नाही. पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढू लागले की त्यांच्यातल्या काहींना नेमक्या प्लेटलेट्स लागतात. शिबिराचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून आले, पण तुमची वही अठ्ठेचाळीस दिवस बंद पडली.”

संघटक : “माणूस मुहूर्ताला येतो, तक्त्याला येत नाही. १४ एप्रिलला, शिवजयंतीला, गणपतीत जो उत्साह असतो तो एखाद्या मंगळवारी सकाळी कोठून आणणार? चौकात मांडव पडतो, चार मित्र एकमेकांना ओढून आणतात, पहिल्यांदा सुई पाहणाऱ्या पोराची भीती त्या गर्दीतच जाते. हे तुम्ही तक्त्यात बसवाल तर तक्ता राहील आणि पोरगा जाईल.”

नियोजक : “पहिल्यांदा येणाऱ्यासाठी मुहूर्त ठेवा. जो आठव्यांदा देणार आहे, त्याला मुहूर्त कशाला हवा? त्याच्याकरिता बाराशे नावांचे बारा गट पाडा आणि दर आठवड्याला एका गटाला, त्याची मुदत भरली असल्याची खात्री करून, वैयक्तिक संदेश पाठवा की आता रक्तपेढीत जाऊन रक्त देता येईल. बारा आठवडे म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. त्यात आणखी एका आठवड्याची मोकळीक ठेवली की पुरुषांचा फेरा पुन्हा पहिल्या गटावर येतो, आणि स्त्रियांसाठी तो आणखी लांबवायचा. यासाठी लाखांची पोहोच लागत नाही. ती वही आणि तारखेचे गणित लागते. समाजमाध्यमाने करायचे सर्वांत उपयोगी काम म्हणजे ही आठवण देणे, पण ते दिसत नाही म्हणून ते कोणी मोहिमेत धरत नाही.”

येथे एक गमतीची अदलाबदल झाली आहे, तिची नोंद करणे योग्य होईल. पोहोच हवी म्हणून बोलायला उभी राहिलेली नियोजक आता वहीची बाजू मांडते आहे आणि वहीचा अभिमान बाळगणारा संघटक गर्दीची. मोठमोठ्या नेत्यांच्या वाढदिवसांना एकाच दिवशी गावोगावी शिबिरे भरतात, रक्तपेढ्यांची पथके पुरत नाहीत आणि महिन्याभराने तीच रक्तपेढी पुन्हा आवाहन करते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना नियोजकाचे गणित पटेल. संघटकाचे म्हणणे खोटे नाही. पहिल्या रक्तदानाची भीती गर्दीतच जाते. पण तुटवड्यावर १ मेचे विक्रमी शिबिर हा उपाय ठरू शकत नाही, हे तारखांवरून सिद्ध होते आणि त्याला उत्तर नाही.

यानंतर दोघे त्या संदेशाकडे वळतात, जो प्रत्येक मराठी माणसाच्या फोनवर कधी ना कधी आलेला असतो. त्याची घडण जवळून पाहण्यासारखी आहे : ‘तातडीने ओ निगेटिव्ह रक्त हवे आहे. लहान मुलाचे ऑपरेशन आहे. संपर्क’, आणि पुढे दहा आकडी क्रमांक. ‘कृपया जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा, कोणाचा तरी जीव वाचेल.’ यात रुग्णालयाचे नाव नाही, शहराचे नाव नाही, किती पिशव्या लागणार ते नाही आणि मुख्य म्हणजे तारीख नाही. रुग्ण बरा होऊन घरी गेला, किंवा दगावला, तरी संदेश फिरत राहतो आणि ज्या नातेवाइकाचा क्रमांक त्यात आहे त्याला कित्येक महिने परक्या गावांतून फोन येत राहतात. क्रमांक खोटा असेल तर प्रकार आणखी वाईट असतो, कारण रक्तदाता मिळवून देतो असे सांगून प्रवासखर्च आगाऊ मागणारे भामटे याच धावपळीत वावरतात.

संघटक : “व्हॉट्सॲपने २०१८ पासून भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० पासून, जो संदेश अनेक हातांतून फिरून आला आहे, ज्याच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसतो, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. तुमच्या व्यवसायातल्या लोकांना ही अडचण वाटते. पण रक्ताच्या संदेशावर दुहेरी बाण दिसला, की तो शिळा झाला असे समजायला हरकत नाही.”

नियोजक : “अडचण नाही, ती खूण आहे, लोकांना ती वाचायला शिकवली पाहिजे. पण मूळ दोष ‘तातडीने’ या शब्दात आहे. दिलेले रक्त त्याच घटकेला रुग्णाला चढत नाही. त्याचा गट तपासावा लागतो, एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि मलेरिया या पाच चाचण्या बंधनकारक आहेत, मग घटक वेगळे करायचे, मग रुग्णाच्या रक्ताशी जुळवणी. याला काही तास तरी लागतात. ऑपरेशनच्या टेबलावरचा मुलगा वाचतो तो शीतकपाटात आधीपासून असलेल्या पिशवीने. मोहीम त्या कपाटासाठी हवी. रुग्णासाठी संदेश निघतो तेव्हा ती मोहीम आधीच कोठेतरी चुकलेली असते.”

संघटक : “हे फार पुस्तकी झाले. ज्याचे मूल आत आहे आणि ज्याला खिडकीवर ‘रिप्लेसमेंट डोनर आणा’ असे सांगितले आहे, तो संदेश पाठवणारच.”

बदली रक्तदाता, म्हणजे रुग्णाला दिलेल्या पिशवीच्या बदल्यात नातेवाइकांनी आणून द्यायचा रक्तदाता, ही प्रथा समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये निर्णय दिला आणि पैसे घेऊन रक्त देणाऱ्या व्यावसायिक रक्तदात्यांची पद्धत १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. तिची जागा स्वेच्छेने देणाऱ्यांनी भरून काढावी, ही अपेक्षा होती. जेथे ती पुरी झाली नाही तेथे भार नातेवाइकांवर आला, आणि ज्या नातेवाइकाचे गावात कोणी नाही त्याच्यासाठी समाजमाध्यम हेच गाव झाले. म्हणून संघटकाचा आक्षेप रास्त आहे. अशा संदेशाला नावे ठेवण्यापेक्षा तो कसा लिहावा हे लोकांना सांगणे, हा मोहिमेचाच भाग धरला पाहिजे.

एका बाबतीत मात्र दूरवरची पोहोच खरोखरच लागते. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक रक्तगट प्रथम नोंदवला, त्याला जगभर ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. नेहमीच्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण या गटाच्या माणसाला ओ गटाचेही रक्त चालत नाही आणि भारतात तो सुमारे दहा हजारांत एकाचा असतो. असा रक्तदाता एका जिल्ह्याच्या वहीत सापडणे कठीण, आणि येथे संघटकही राज्याबाहेर जाणाऱ्या संदेशाला विरोध करत नाही.

वादाला खरी धार येते ती छायाचित्रावरून.

नियोजक : “थॅलेसेमियाच्या एका मुलीचे छायाचित्र हवे आहे. आकड्याला कोणी रक्त देत नाही, चेहऱ्याला देतो. तिच्या आईची लेखी संमती घेता येईल.”

संघटक : “ती आई दर तीन आठवड्यांनी याच रक्तपेढीच्या खिडकीवर उभी राहते. तिच्यापुढे कागद ठेवला तर ती नाही म्हणू शकेल का? आणि ती मुलगी पंधरा वर्षांची झाल्यावर, वीस वर्षांची झाल्यावर, तिच्या लग्नाच्या वेळी, तो चेहरा कोठे कोठे निघेल याची हमी कोण देणार? चेहराच हवा असेल तर रक्तदात्याचा घ्या. अठ्ठेचाळीस वेळा रक्त दिलेला रिक्षाचालक वहीत आहे, तो आनंदाने उभा राहील.”

नियोजक : “ते मान्य करता येईल. पण मग वहीचाही हिशोब द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्व असे आहे, की ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी. रक्तदात्यांचे क्रमांक नगरपालिकेच्या निवडणुकीत एखाद्या उमेदवाराच्या प्रचारयादीत गेले, तर पुढच्या मे महिन्यात तुमचा संदेश कोण उघडेल?”

संघटकाने यावर काही उत्तर दिले नाही, असे दाखवणे कल्पित संवादातही प्रामाणिकपणाचे ठरेल. छायाचित्राच्या प्रश्नात त्याची बाजू निर्विवाद आहे. ज्याला नकार देण्याची मुभाच नाही, त्याच्या सहीला संमती म्हणता येत नाही. वहीच्या प्रश्नात नियोजकाने ठेवलेले बोट नेमके दुखऱ्या जागी आहे.

उरतो तो थांबवण्याचा प्रश्न, आणि त्याची तयारी दोघांपैकी कोणीच करून आलेले नव्हते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत लाखो लोक रक्त देण्यासाठी रांगेत उभे राहिले. जखमींना त्यातले फारच थोडे लागले आणि मोठ्या प्रमाणावर रक्त मुदत संपून टाकून द्यावे लागले. त्या वेळी आजची समाजमाध्यमे नव्हती. आज तसे आवाहन मिनिटांत पसरते, पण ‘आता पुरे’ हा संदेश तितक्या वेगाने पसरत नाही, कारण पुरे झाल्याचे कळवण्यात कोणाला पुण्य लाभल्यासारखे वाटत नाही. म्हणून मोहिमेच्या आराखड्यात पहिल्या दिवशीच हे लिहिलेले असावे लागते, की कोणत्या गटाच्या किती पिशव्या जमल्या की आवाहन मागे घ्यायचे, ते कोण मागे घेणार आणि मूळ संदेशात कोणता फरक केल्याने तो आपोआप निकामी होईल.

शेवटी दोघांनी मिळून जो मसुदा केला, तो असा : ‘अमुक रक्तपेढीत ए पॉझिटिव्ह गटाच्या २५ पिशव्यांची गरज आहे. १२ मे ते १८ मे, सकाळी ९ ते सायंकाळी ५. मागील रक्तदानाला पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवस झालेले असावेत. नाश्ता करून यावे. येण्यापूर्वी रक्तपेढीच्या दूरध्वनीवर विचारावे. १८ मेनंतर हा संदेश पुसून टाकावा.’ क्रमांक रक्तपेढीचा, कोणा नातेवाइकाचा नाही. ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’ हे वाक्य नियोजकाने स्वतः खोडले. संघटकाला शेवटी ‘रक्तदान हेच श्रेष्ठदान’ ही ओळ हवी होती. जागा असेल तर ती ठेवायला हरकत नाही.

वाचकाच्या फोनवर रक्ताची मागणी करणारा पुढचा संदेश येईल तेव्हा त्याने आधी त्यात तारीख शोधावी, ती नसल्यास दिलेल्या क्रमांकावर एकदा फोन करून विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर तो संदेश पुढे पाठवू नये.